बल मोजलंत, आता अंतरही मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहावी-सातवीला साधी यंत्रं शिकवताना तुम्ही तरफ, उतरण आणि कप्पी यांचे प्रयोग वर्गात करून दाखवलेत. मुलं रमली, पण नंतर विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर आलं, ‘यंत्रामुळे काम कमी होतं.’ शिवाय स्थिर (एका जागी टांगलेल्या) कप्पीवर ताणकाट्याने (स्प्रिंगच्या तराजूने) मोजल्यावर बल भाराइतकं यायच्या ऐवजी त्याहून थोडं जास्तच आलं, आणि एका मुलीने विचारलं, ‘मग कप्पी लावायचीच कशाला?’ आकडे पुस्तकाप्रमाणे यावेत म्हणून प्रयोग कसे घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि तुमचे आकडेही चुकलेले नाहीत. प्रयोगात एक गोष्ट मोजायची राहून गेली, एवढंच. तुम्ही बल मोजलंत, पण अंतर मोजलं नाहीत. यंत्राचं सगळं गुपित या दोघांच्या देवाणघेवाणीत आहे. जोर कमी लावायचा असेल तर जास्त अंतर जावं लागतं, आणि अंतर वाचवायचं असेल तर जास्त जोर लावावा लागतो. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य, आणि ते कोणतंही साधं यंत्र कमी करत नाही. घर्षणामुळे ते उलट थोडं वाढतंच. मुलांनी फक्त ताणकाटा पाहिला तर ‘काम कमी झालं’ असंच त्यांना वाटणार, कारण त्यांच्यासमोर अर्धाच हिशोब आहे. म्हणून माझ्या वर्गात प्रत्येक प्रयोगाला दोन जण मोजायला असतात, एक बल मोजतो आणि एक अंतर. वहीत दोन्हींचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि एक रकाना रिकामा असेल तर प्रयोग झाला असं मी धरत नाही.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगते. पाचवी-सहावीच्या मुलांना सूत्र आणि ज्यूल (कार्याचं एकक) यांची गरज नाही, ‘एवढं बल, एवढं अंतर, गुणाकार करा’ इतकं पुरतं. आठवीत कार्यक्षमतेपर्यंत, म्हणजे दिलेल्या कार्यातलं किती कामी आलं इथपर्यंत, जाता येतं. ताणकाटे किती आहेत, एका गटात किती मुलं बसतात, तासिका किती मिळतात, यावरही बरंच ठरतं. पण साहित्य कमी आहे म्हणून मोजमाप सोडू नका. ताणकाट्याशिवाय बल मोजायची एक चांगली पद्धत पुढे सांगितली आहे.

सुरुवात मी अंगाने करते, आकड्यांनी नाही. वर्गाचं दार उघडं ठेवायचं. एक लहान चणीचं मूल दाराच्या कडेला, कडीजवळ, आणि एक दणकट मूल पलीकडून बिजागरीपासून वीतभर अंतरावर. दोघांनी एकमेकांविरुद्ध दार ढकलायचं. लहान मूल जिंकतं. (बिजागरीच्या फटीत कुणाची बोटं नाहीत हे आधी बघा आणि जोर हळूहळू वाढवायला सांगा.) लगेच विचारायचं, ‘तुझा हात किती सरकला आणि त्याचा किती?’ कडेचा हात मोठी फेरी मारतो, बिजागरीजवळचा जेमतेम सरकतो. एवढ्यावरून मुलांच्या डोक्यात अंतराची गोष्ट शिरते आणि पुढच्या प्रत्येक यंत्राला ती स्वतःहून तोच प्रश्न विचारायला लागतात.

तरफेचा प्रयोग बहुतेक ठिकाणी तीस सेंटीमीटरची पट्टी पेन्सिलीवर ठेवून करतात आणि टेकू इकडेतिकडे सरकवतात. इथेच आकडे बिघडतात. टेकू दहाच्या खुणेवर नेला की पट्टीचं स्वतःचं वजन एका बाजूला झुकतं, आणि नाणी हलकी असतील तर ते वजन त्यांना भारी पडतं. मुलांना नियम दिसतच नाही. त्याऐवजी पट्टी बरोबर मध्यावर दोऱ्याने टांगा, टेकू हलवूच नका, फक्त वजनं सरकवा. सारखे नट किंवा वॉशर दोऱ्याच्या फाशात अडकवले की ते खुणेवर नेमके बसतात, नाण्यांसारखे अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होत नाहीत. एका बाजूला मध्यापासून 6 सेंटीमीटरवर 4 नट लावायचे. मग विचारायचं, पलीकडे 2 नट कुठे लावले तर पट्टी आडवी राहील? मुलं सरकवत सरकवत 12 वर पोचतात. 3 नट 8 वर येतात. या टप्प्यावर मी गप्प बसते. फळ्यावर फक्त जोड्या लिहिते, 4 आणि 6, 2 आणि 12, 3 आणि 8. कुणीतरी ‘सगळ्यांचा गुणाकार चोवीस!’ म्हणतंच. मग 5 नटांचं ठिकाण न सरकवता आधी सांगायला लावायचं. 4.8 सेंटीमीटर हे उत्तर वहीत लिहून मग नट तिथे लावला आणि पट्टी स्थिर झाली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. नियम पाठ करणं आणि नियमाने भाकीत करणं यातला फरक तिथे कळतो.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आर्किमिडीजने तरफेचा हा नियम सिद्ध करून मांडला. पण ही गोष्ट मी प्रयोगानंतर सांगते. आधी सांगितली तर मुलं नियम शोधत नाहीत, आठवत बसतात.

त्यानंतर मीटरभर लाकडी पट्टी घेऊन तिच्या एका टोकाने जड पुस्तकांचा गठ्ठा उचलायचा. टेकूपासून एका बाजूला 20 आणि दुसऱ्या बाजूला 60 सेंटीमीटर असेल, तर गठ्ठा 3 सेंटीमीटर वर जायला हात 9 सेंटीमीटर खाली यावा लागतो. पट्ट्या उभ्या धरून हे मोजता येतं. बल साधारण एक तृतीयांश आणि अंतर तिप्पट हे एकाच नजरेत दिसतं.

तरफेचे तीन प्रकार पाठ करून घेण्यात फार वेळ घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कात्री पहिल्या प्रकारात आणि अडकित्ता दुसऱ्या प्रकारात हे ओळखता आलं, पण कशासाठी काय सोडावं लागलं हे सांगता आलं नाही, तर त्या तक्त्याचा उपयोग फारसा नाही. मात्र तिसऱ्या प्रकारासाठी (जोर मध्ये, टेकू आणि भार दोन टोकांना) थोडा वेळ जरूर काढा, कारण ‘यंत्र म्हणजे जोर वाचणं’ हा समज तो मोडतो. मुलांना हात कोपरात काटकोनात वाकवून तळव्यावर पाण्याची भरलेली बाटली धरायला सांगा आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या आतल्या बाजूला चाचपायला सांगा. तिथे ताठ झालेला स्नायुबंध बोटांना लागतो. तो कोपराच्या सांध्यापासून चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि तळवा असतो तीस-पस्तीस सेंटीमीटरवर. म्हणजे एक किलोची बाटली नुसती धरून ठेवायला स्नायूला त्याच्या सात-आठ पट जोर लावावा लागतो. मग असा ‘तोट्याचा’ हात कशाला? कारण स्नायू थोडासा आखडला तरी तळवा झटकन लांबवर जातो. फेकणं, मारणं, उचलून तोंडाशी नेणं सगळं त्यामुळेच जमतं. जोर देऊन अंतर आणि वेग मिळवला. झाडू आणि चिमटा यांचंही तेच.

उतरणीचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. मीटरभर लांब फळी, एका टोकाखाली पुस्तकं रचून 20 सेंटीमीटर उंची, आणि चाकांची छोटी गाडी. गाडीत वजन घालून ती सुमारे 600 ग्रॅमची करा, म्हणजे ताणकाटा साधारण 6 न्यूटन दाखवेल. सरळ उचलायला 6 न्यूटन आणि अंतर 20 सेंटीमीटर, गुणाकार 120. उतरणीवरून ओढायला घर्षण नसतं तर 1.2 न्यूटन लागलं असतं, प्रत्यक्षात 1.4 च्या आसपास लागतं. अंतर 100 सेंटीमीटर, गुणाकार 140. जोर चौपटीहून जास्त कमी झाला, पण कार्य वाढलं! आता तेवढ्याच वजनाचा खरखरीत ठोकळा त्याच फळीवरून ओढा. साडेतीन न्यूटनच्या पुढे आकडा सहज जातो, म्हणजे गुणाकार 350 ते 360. सरळ उचलण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट कार्य, आणि तरीही जोर कमीच. हे तीन गुणाकार फळ्यावर एकाखाली एक लिहिले की ‘यंत्रामुळे काम कमी होतं’ हे वाक्य मुलं स्वतःच खोडतात.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. ताणकाटा फळीला समांतर धरायचा. तो ज्या कलात वापरणार त्याच कलात आधी शून्यावर आणायचा, कारण उभा धरून लावलेलं शून्य आडवं धरल्यावर सरकतं. आणि आकडा वाचायचा तो वस्तू हळू, एकसारखी सरकत असताना. सुरुवातीचा झटका वाचला तर बल जास्त दिसतं, कारण थांबलेली वस्तू हलवायला स्थितिक घर्षण मोडावं लागतं.

आता ‘आकडे पुस्तकाप्रमाणे कसे येतील’ या तुमच्या प्रश्नाकडे येते. घर्षण काढून टाकता येत नाही, पण ओळखता येतं. गाडी वर ओढताना किती बल लागलं ते वाचा, समजा 1.4. मग तीच गाडी ताणकाट्याने धरून तितक्याच हळू खाली येऊ द्या आणि तो आकडा वाचा, समजा 1.0. वर जाताना घर्षण आपल्या विरुद्ध असतं, खाली येताना आपल्या बाजूने. दोन आकड्यांची सरासरी 1.2, म्हणजे पुस्तकातला आकडा, आणि त्यापासून दोन्हीकडे पडलेलं 0.2 न्यूटनचं अंतर म्हणजे घर्षण. घर्षणामुळे प्रयोग ‘चुकला’ असं म्हणण्याऐवजी मुलं घर्षणच मोजून दाखवतात. इतक्या साध्या साहित्यात याहून समाधान देणारा प्रयोग मला माहीत नाही.

ठोकळ्यावर हीच युक्ती चालत नाही, आणि का चालत नाही यातून पुढचा धडा निघतो. ठोकळा सोडला तरी फळीवरून खाली येत नाही, जिथल्या तिथे बसून राहतो. घर्षण इतकं जास्त आहे की तेच त्याला धरून ठेवतं. म्हणजे कार्यक्षमता वाईट, पण वस्तू सरकत नाही ही सोय मिळाली. स्क्रू आणि पाचर याच सोयीवर जगतात.

स्क्रूकडे जाताना कागदाचा काटकोन त्रिकोण कापा, तिरक्या कडेवर रंगीत रेघ ओढा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. रेघ पेन्सिलीभोवती आटे घेत वर चढते. उतरण गोल गुंडाळली की स्क्रू होतो हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरा त्रिकोण तेवढ्याच उंचीचा पण लांब पायाचा घ्या, आटे जवळजवळ येतात. मग खरा बोल्ट आणि नट हातात द्या. नट दहा वेळा फिरवून तो किती पुढे गेला ते मोजायचं. 10 मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या आट्यांच्या बोल्टवर 15 मिलिमीटर येतात, म्हणजे एका फेरीला 1.5. पान्हा मध्यापासून 15 सेंटीमीटरवर धरला तर एका फेरीत हात सुमारे 94 सेंटीमीटर फिरतो. 94 सेंटीमीटर देऊन दीड मिलिमीटर मिळवलं, म्हणजे कागदावर सहाशे पटीहून जास्त फायदा. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा घर्षण खातं. पण घर्षण नसतं तर पान्हा काढताच नट उलटा फिरून सुटला असता. फळीवर बसून राहिलेल्या ठोकळ्याची आठवण मुलांना इथे करून द्या.

पाचरीचं मोजमाप शाळेत नीट जमत नाही, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. दाराखाली लाकडी पाचर सरकवून ती का सुटत नाही एवढं विचारते आणि पुढे जाते.

आता कप्पी, आणि त्या मुलीचा प्रश्न. स्थिर कप्पीत दोरी जितकी ओढावी तितकाच भार वर जातो. बल वाचत नाही, अंतरही वाचत नाही, घर्षणाचं थोडं जास्तच द्यावं लागतं. मिळते ती दिशा. तिलाच पुढे बोलावून एक जड दप्तर वर ओढून उचलायला सांगा, आणि नंतर तेच कप्पीवरून दोरी खाली ओढून. खाली ओढताना शरीराचं वजन कामी येतं, आणि जमिनीवर उभं राहून वस्तू डोक्याच्या वर नेता येते. उत्तर तिच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नाही.

मोजमापात इथे एक अडचण असते. ताणकाटा उलटा, हुक वर करून ओढला की त्याच्या आतल्या भागांच्या वजनामुळे शून्य सरकतं आणि आकडा फसवतो. म्हणून कप्पीसाठी मी पाण्याची बाटली वापरते. एका टोकाला भार, दुसऱ्या टोकाला रिकामी बाटली. मापाने थोडं थोडं पाणी ओतायचं आणि दर वेळी बाटलीला बोटाने हलकासा धक्का द्यायचा. धक्क्यानंतर ती एकसारखी खाली सरकत राहिली की थांबायचं. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यात बाटलीचं वजन मिळवलं की झालं. मग पाणी काढत जायचं आणि हलक्या धक्क्यानंतर भार खाली सरकत राहतो तो आकडा घ्यायचा. दोन्हींची सरासरी घेतली की उतरणीवरची तीच युक्ती इथेही लागू पडते. 500 ग्रॅमच्या भाराला वर जाताना साडेपाचशेच्या आसपास आणि खाली येताना साडेचारशेच्या आसपास असं काहीसं येतं.

चल कप्पीला, म्हणजे भाराबरोबर वर जाणाऱ्या कप्पीला, भारामध्ये कप्पीचं वजनही धरा. हे विसरलं की आकडे हमखास बिघडतात. भार आणि कप्पी मिळून 600 ग्रॅम असतील तर सरासरी 300 च्या जवळ येते, आणि भार 10 सेंटीमीटर चढायला दोरी 20 सेंटीमीटर ओढावी लागते. दोरीच्या दोन पदरांनी भार वाटून घेतला, म्हणून बल निम्मं. पण भार 10 सेंटीमीटर चढवायचा तर दोन्ही पदर दहा-दहा सेंटीमीटरने आखूड व्हायला हवेत, म्हणून अंतर दुप्पट. एवढं कारण मुलांना सांगता आलं की सूत्र वेगळं शिकवावं लागत नाही.

कप्प्या नसतील तर दोन गुळगुळीत नळ्या आणि नायलॉनची दोरी घ्या. दोन मुलं समोरासमोर नळ्या धरून उभी राहतात, दोरीचं एक टोक एका नळीला बांधून तिचे दोन्ही नळ्यांभोवती आळीपाळीने वेढे घ्यायचे आणि मोकळं टोक तिसऱ्या, सगळ्यात लहान मुलाच्या हातात द्यायचं. दोघं कितीही ताणून धरोत, तो नळ्या जवळ आणतो. मुलांना वाटतं त्याने दोघांना हरवलं. इथे थांबून विचार करायला लावा. त्या दोघांची ताकद एकत्र होत नाही, ते एकमेकांविरुद्ध ओढताहेत. एका नळीच्या जागी भिंतीतली कडी असती तरी चित्र तेच राहिलं असतं. म्हणजे लहान मुलाने एकालाच हरवलं, आणि त्यासाठी त्याला बरीच लांब दोरी ओढावी लागली. ती लांबी मोजायला विसरू नका.

आणखी वेढे वाढवून पाहा. मुलांना वाटतं, दहा पदर झाले की दहापट जोर. तसं होत नाही, लवकरच फायदा वाढायचा थांबतो. का, ते पदरांना बोटाने छेडून कळतं. ओढणाऱ्या हाताजवळचा पदर ताठ असतो आणि पलीकडचे एकेक पदर ढिले होत जातात, कारण प्रत्येक वळणावर घर्षण थोडा ताण गिळून टाकतं. खऱ्या कप्पीत चाक का असतं, याचं उत्तर मुलांच्या बोटांना मिळतं. (दोरीत किंवा नळ्यांच्या मध्ये बोटं सापडणार नाहीत अशा त्या टोकांना धरायला सांगा.)

चाक आणि आस यात एक घोटाळा वारंवार दिसतो. गाडीचं चाक घर्षण कमी करतं, तर चाक-आस हे यंत्र म्हणजे मोठ्या वर्तुळावर थोडा जोर लावून लहान वर्तुळावर जास्त मिळवणं. बाटलीचा प्रयोग करा. एकाने बाटलीची मान धरायची, दुसऱ्याने पोट, आणि विरुद्ध दिशांना पिळायचं. पोट धरणारा जिंकतो. जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर का बरा, हे लगेच लक्षात येतं.

क्रमाबद्दल माझी एक शिफारस आहे. सहा वेगवेगळी यंत्रं म्हणून शिकवू नका, दोन घराणी म्हणून शिकवा. तरफ, चाक-आस आणि कप्पी एकीकडे, उतरण, पाचर आणि स्क्रू दुसरीकडे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात पाचच यंत्रं मोजली होती, उतरण त्या यादीत नंतर आली. 1600 च्या सुमारास गॅलिलिओने दाखवून दिलं की ही यंत्रं निसर्गाला फसवत नाहीत, बलात जे मिळतं ते अंतरात द्यावं लागतं. मोठ्या वर्गात हे सांगितलं तर आपण फळ्यावर जे गुणाकार केले तेच एकेकाळी पंडितांनाही पटवून द्यावे लागले, हे मुलांना कळतं.

तुमच्याकडे दोनच तासिका असतील तर दार, मध्यावर टांगलेली पट्टी आणि गाडी-ठोकळ्याची उतरण एवढंच घ्या, बाकी सोडा. चार मिळाल्या तर कप्पी आणि बोल्ट जोडा. गटात चारपेक्षा जास्त मुलं नकोत. एक ओढणारा, एक बल वाचणारा, एक अंतर मोजणारा आणि एक लिहिणारा, आणि दर फेरीला कामं बदलायची, नाहीतर तीच दोन मुलं सगळं करतात. परीक्षेत ‘तरफ म्हणजे काय’ विचारण्याऐवजी एक अनोळखी वस्तू द्या, उदाहरणार्थ पंच मशीन किंवा सायकलचं ब्रेक-हँडल, आणि तीन गोष्टी लिहायला सांगा: हात किती सरकला, दुसरं टोक किती सरकलं, आणि त्यावरून जोर वाढला की कमी झाला. त्या मुलीचं उत्तर तुम्हाला पहिल्यांदा वाचावंसं वाटेल.